शर्यतीसाठी उसना दिलेला रस्ता

मे महिन्याच्या अखेरीस आयरिश समुद्रातील मॅन या बेटावर एक सरकारी हुकूम अंमलात येतो. ठरलेल्या घटकेला सुमारे साठ किलोमीटर लांबीचा एक सार्वजनिक रस्ता रहदारीला बंद होतो. हा रस्ता ओसाड माळावरचा नाही. त्याच्या कडेला घरे आहेत, दुकाने आहेत, चर्च आहेत. तारांचे खांब, टपालपेट्या आणि दगडी गडगे आहेत. एरवी त्यावरून बस धावते, दूधवाला फिरतो, मुले शाळेला जातात. रस्ता बंद झाल्यावर त्यावरून मोटारसायकली सोडल्या जातात, दर दहा सेकंदांना एक. शर्यत संपली की रस्ता पुन्हा खुला होतो आणि खोळंबलेली बस आपल्या वाटेने निघून जाते. हे १९११ पासून चालले आहे. मोटारसायकलींच्या शर्यतीसाठी आजही वापरात असलेला जगातील सर्वांत जुना मार्ग तो हाच.

पुण्याहून लोणावळ्याला जाण्याइतके अंतर धरावे, त्यात एखाद्या घाटाची चढण मिसळावी आणि वाटेतील गावांतून वेग कमी न करता जायचे आहे असे समजावे, म्हणजे या मार्गाच्या एका फेरीची थोडीफार कल्पना येईल. फेरीची लांबी ६०.७ किलोमीटर, वळणे दोनशेहून अधिक. समुद्रकाठच्या डग्लस शहरातून निघालेला रस्ता स्नेफेल पर्वताच्या अंगावर सुमारे चौदाशे फुटांपर्यंत चढतो आणि पुन्हा डग्लसला उतरतो. २०२३ साली पीटर हिकमन याने ही फेरी सतरा मिनिटांच्या आत पुरी केली. ताशी १३६ मैल, म्हणजे जवळजवळ २२० किलोमीटर हा त्याचा सरासरी वेग होता. कमाल वेग अर्थातच त्याहून पुष्कळ अधिक. आणि याच रस्त्यावर १९११ पासून आजवर निरनिराळ्या शर्यतींत व त्यांच्या सरावांत अडीचशेहून अधिक स्पर्धकांनी प्राण गमावले आहेत. पहिला आकडा सांगून दुसरा गाळणारे पुष्कळ असतात, आणि दुसरा सांगून पहिल्याकडे पाठ फिरवणारेही. या रस्त्याचा इतिहास मात्र दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

वीस मैलांचा कायदा

या कथेची सुरुवात यंत्रशाळेत झालेली नाही. ती कायदेमंडळात झाली. १९०३ च्या मोटारविषयक कायद्याने ब्रिटनमध्ये वाहनांचा कमाल वेग ताशी वीस मैल ठरवून दिला. त्याच सुमारास गॉर्डन बेनेट चषकाच्या आंतरराष्ट्रीय मोटार-शर्यतीसाठी ब्रिटिश संघ निवडायचा होता. निवड-चाचणीला वेग हवा आणि वेगाला मोकळा रस्ता हवा. पण सार्वजनिक रस्ता शर्यतीसाठी बंद करण्याची लंडनच्या पार्लमेंटची तयारी नव्हती. तेव्हा मोटार क्लबचे सचिव ज्युलियन ऑर्ड यांनी १९०४ च्या फेब्रुवारीत मॅन बेटाची वाट धरली. बेटाचे लेफ्टनंट गव्हर्नर लॉर्ड रॅग्लन हे त्यांचे नातलग होते, ही गोष्टही येथे नोंदवून ठेवावी. सरकारी कामे नात्यागोत्यांतून मार्गी लागण्याची रीत काही केवळ आपल्याकडचीच नव्हे.

मॅन बेट ब्रिटिश राजमुकुटाच्या अधीन असले, तरी ते युनायटेड किंग्डमचा भाग नाही. टिनवॉल्ड नावाचे त्याचे स्वतःचे कायदेमंडळ असून त्याची परंपरा हजार वर्षांहून अधिक जुनी मानली जाते. ज्या कायदेमंडळाने १८८१ सालीच मालमत्ताधारक स्त्रियांना मताधिकार देऊन टाकला, ते वेगमर्यादेच्या प्रश्नावर लंडनकडे डोळे लावून बसणारे नव्हते. शिवाय बेटाचे उत्पन्न उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांतून उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांवर अवलंबून होते. पाहुण्यांचा हंगाम सुरू होण्याआधी आणखी चार पाहुणे येत असतील, तर ते कोणाला नको होते? मार्च १९०४ मध्ये टिनवॉल्डने शर्यतीसाठी रस्ते बंद करण्याची मुभा देणारा कायदा मंजूर केला. रस्ता लोकांचा होता. लोकांच्या प्रतिनिधींनी तो शर्यतीला उसना दिला. दरवर्षी हुकूम काढून ही उसनवारी नव्याने करावी लागते, हे या मार्गाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हटले पाहिजे.

मोटारींमागून मोटारसायकली आल्या. २८ मे १९०७ रोजी पहिली ‘टूरिस्ट ट्रॉफी’ शर्यत झाली. ती पर्वतावरून गेली नाही, कारण तेव्हाच्या यंत्रांना एवढी चढण झेपण्यासारखी नव्हती. सेंट जॉन्स या गावाभोवतालच्या सुमारे पंधरा-सोळा मैलांच्या लहान मार्गावर दहा फेऱ्या घ्यायच्या होत्या. योगायोग असा की, टिनवॉल्डचे कायदे दरवर्षी ज्या टेकडीवरून जाहीरपणे वाचून दाखवले जातात, ती टेकडी याच गावात आहे. जेथे कायदा वाचला जाई, तेथूनच कायद्याने मोकळी केलेली शर्यत सुटली.

त्या दिवशी पंचवीस यंत्रे रस्त्यावर होती. नावाप्रमाणे ती ‘टूरिस्ट’ यंत्रे असावीत, म्हणजे सामान्य ग्राहकाने प्रवासासाठी विकत घ्यावीत तशीच असावीत, असा दंडक होता. त्यासाठी पेट्रोलही मोजून दिले होते: एका सिलिंडरच्या यंत्राने गॅलनमागे ९० मैल, म्हणजे आजच्या हिशेबाने लिटरला सुमारे बत्तीस किलोमीटर गेलेच पाहिजे. गाडी घेताना ‘सरासरी किती देते?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. तो या जगप्रसिद्ध शर्यतीच्या पहिल्याच नियमावलीत होता, हे वाचून अनेकांना बरे वाटेल. निम्म्या शर्यतीनंतर दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती होती. ज्यांच्या यंत्राला पायटे होते, त्यांनी चढावर पाय मारून इंजिनाला हातभार लावला. मॅचलेस कंपनीच्या संस्थापक कुटुंबातील चार्ली कॉलियर हा चार तास आठ मिनिटांनी पहिला आला. सरासरी वेग ताशी ३८ मैल. दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर नॉर्टन गाडीवर जिंकला. गाडीचे नाव इंग्रजी असले तरी तिच्यातील इंजिन फ्रेंच प्यूजो कंपनीचे होते. ही नॉर्टन पुढे ब्रिटिश अभिमानाचे प्रतीक बनली, म्हणून हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा.

पर्वतावर चढाई

१९११ साली शर्यत स्नेफेलच्या मार्गावर नेण्यात आली, आणि येथून या रस्त्याने यंत्राला धडे द्यायला सुरुवात केली. पर्वतावरची वाट तेव्हा डांबरी नव्हती. खडी, धूळ आणि पाऊस पडला की चिखल. तोवरच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत चाकाला शक्ती पोहोचवण्यासाठी पट्टा असे आणि गिअर जवळजवळ नसतच. सपाटीवर हे चालून गेले, पण पर्वताने ते उघडे पाडले. मोठ्या गटाच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक अमेरिकेच्या ‘इंडियन’ गाड्यांनी पटकावले. या नावाचा भारताशी काही संबंध नाही. ते अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून घेतलेले आहे. या गाड्यांना साखळी होती आणि चढासाठी दोन वेगांचा गिअर होता. ब्रिटिश कारखानदारांची त्या दिवशी जी मानहानी झाली, तिनेच गिअरबॉक्स हा चैनीचा भाग न राहता मोटारसायकलीचा आवश्यक अवयव बनण्यास हातभार लावला.

त्याच वर्षी, त्याच मार्गावर, शर्यतीपूर्वीच्या सरावात व्हिक्टर सरिज हा तरुण ग्लेन हेलनजवळ पडून मरण पावला. रस्त्याने यंत्राला शिकवलेला पहिला धडा आणि माणसाकडून घेतलेली पहिली किंमत यांचे साल एकच आहे.

शिरस्त्राणाची गोष्टही याच काळातली. इंग्लंडमधील ब्रुकलंड्स येथील शर्यतमार्गाचे डॉक्टर एरिक गार्डनर यांनी डोक्याला इजा झालेले स्वार वारंवार पाहिले आणि कॅनव्हास व लाख यांची कडक टोपी करवून घेतली. १९१४ च्या शर्यतीत ती सक्तीची झाली. स्पर्धकांनी कुरकुर केलीच. हेल्मेटसक्तीविरुद्धची कुरकुर हेल्मेटाइतकीच जुनी आहे.

दोन महायुद्धांमधील काळ नॉर्टनचा म्हणून ओळखला जातो. विजयांच्या याद्या येथे देण्याचे कारण नाही. पण १९३५ ची एक घटका सांगण्यासारखी आहे. शेवटची फेरी सुरू व्हायची होती. नॉर्टनवरचा जिमी गथ्री पुढे होता. इटलीच्या मोटो गुझ्झीवरचा आयरिश स्वार स्टॅन्ली वुड्स पाठलागावर. गुझ्झीच्या लोकांनी पेट्रोल भरण्याची सारी तयारी मांडून ठेवली. नॉर्टनच्या गोटाने ती पाहिली आणि आपल्या माणसाला जपून ये असा इशारा दिला. वुड्स मात्र थांबलाच नाही, सरळ निघून गेला. स्पर्धक एकेक करून सुटत असल्यामुळे विजय घड्याळावर ठरतो. गथ्री आधी पोहोचला, त्याचे अभिनंदनही सुरू झाले आणि मग घड्याळाने वुड्सला चार सेकंदांनी विजयी ठरवले. शर्यत केवळ मनगटाच्या जोरावर होत नाही, हे नॉर्टनला त्या दिवशी कळले. १९३९ मध्ये जर्मनीचा गेऑर्ग मायर बी.एम.डब्ल्यू.वर मोठी शर्यत जिंकून गेला. तिसऱ्याच महिन्यात महायुद्ध सुरू झाले आणि डग्लसमधील पाहुण्यांच्या खानावळींभोवती काटेरी तारा आल्या. ब्रिटनने स्थानबद्ध केलेले जर्मन व इटालियन नागरिक तेथे ठेवण्यात आले होते.

युद्धानंतर १९४९ मध्ये मोटारसायकलींची जागतिक अजिंक्यपद मालिका सुरू झाली आणि तिची पहिली शर्यत याच रस्त्यावर झाली. १९५७ साली बॉब मॅकिन्टायरने इटालियन गिलेरा गाडीवर ताशी शंभर मैलांची पहिली फेरी पुरी केली. पण याहून दूरगामी घटना १९५४ साली घडली होती आणि तेव्हा तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नव्हते. त्या वर्षी जपानमधून सोइचिरो होंडा नावाचे एक कारखानदार शर्यत पाहायला आले. आपणही येथे उतरणार, अशी घोषणा ते करून बसले होते. प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांना दिसले की युरोपीय यंत्रांची शक्ती आपल्या यंत्रांच्या कितीतरी पट आहे. घोषणा मागे न घेता ते कामाला लागले. १९५९ मध्ये १२५ सी.सी. गटात होंडाचा संघ आला. सहावा, सातवा, आठवा क्रमांक आणि सांघिक पारितोषिक एवढ्यावर त्याने समाधान मानले. दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, १२५ आणि २५० सी.सी. या दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक होंडाचे होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ब्रिटिश मोटारसायकल उद्योग कसा कोसळला हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचा पहिला इशारा या बेटावर, भर दिवसा, हजारो ब्रिटिश प्रेक्षकांसमोर मिळाला होता.

सक्ती आणि स्वेच्छा

१९६७ ची मोठी शर्यत आजही जाणकार आठवतात. होंडावर माइक हेलवुड, एम.व्ही. अगुस्तावर इटलीचा जाकोमो अगोस्तिनी. सेकंदांचे अंतर कमीजास्त होत होते आणि पाचव्या फेरीत अगोस्तिनीच्या गाडीची साखळी तुटली. हेलवुडने त्या दिवशी केलेला ताशी १०८.७७ मैलांचा फेरीचा विक्रम आठ वर्षे टिकला. त्या दोघांनी हा रस्ता कीर्तीच्या शिखरावर नेला, आणि त्यांतल्याच एकाने पुढे त्याच्याकडे पाठ फिरवली.

१९७२ च्या जून महिन्यात पाऊस आणि धुके असताना १२५ सी.सी.ची शर्यत सुरू झाली. जिल्बेर्तो पार्लोत्ती हा इटालियन स्वार त्या वर्षीच्या जागतिक मालिकेत आघाडीवर होता. या बेटावर तो प्रथमच आला होता, कारण येथील गुण सोडणे त्याला परवडणारे नव्हते. शर्यतीतही तो पुढेच होता. दुसऱ्या फेरीत पर्वतावरच्या ओल्या वळणावर तो पडला आणि मरण पावला. अगोस्तिनी त्याचा मित्र. त्याच दिवशी नंतर अगोस्तिनीने मोठी शर्यत जिंकली आणि पुन्हा या रस्त्यावर शर्यत करणार नाही असे जाहीर केले. या बेटावर दहा वेळा जिंकलेल्या माणसाचे हे शब्द होते. भित्र्याचे म्हणून ते झटकून टाकण्याची सोय नव्हती. इतर नामवंतांनीही हळूहळू बेट टाळले. अखेर १९७६ नंतर जागतिक मालिकेतून ही शर्यत वगळण्यात आली आणि १९७७ पासून ब्रिटनची मानाची शर्यत सिल्व्हरस्टोनला गेली. सिल्व्हरस्टोन हा महायुद्धकाळातील विमानतळ. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमला जुन्या धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत, त्याच जातीचा. तेथे गडगा नाही, घराची भिंत नाही. घसरला तर स्वार गवतावर जातो.

त्या वेळी अनेकांनी या शर्यतीचा मृत्युलेख लिहून टाकला होता. घडले उलटेच, आणि त्याचे कारण या इतिहासाच्या गाभ्याशी आहे. १९७६ पर्यंत जगज्जेता होऊ पाहणाऱ्याला मॅन बेट टाळणे महाग पडे. तो येई तो गुणांसाठी, कारखान्याशी केलेल्या करारासाठी. रस्त्यावर त्याचे प्रेम असो वा नसो. पार्लोत्तीच्या मृत्यूतील खरा अन्याय हा होता. मानांकन काढून घेतले गेले आणि ही सक्ती संपली. त्यानंतर जो आला तो स्वतःच्या इच्छेने आला. शर्यतीचे वैभव हिरावणारा म्हणून ज्या निर्णयावर बेटावर संताप झाला, त्याच निर्णयाने तिला आपल्या बचावासाठी एक नैतिक आधार मिळवून दिला. जागतिक संघटनेला हे अभिप्रेत नसेल. पण इतिहासात असे पुष्कळदा होते.

स्वेच्छेचा पहिला मोठा पुरावा लगेच मिळाला. १९७८ च्या जूनमध्ये अडतीस वर्षांचा माइक हेलवुड अकरा वर्षांनी या रस्त्यावर परतला. मोटारींच्या शर्यतीत पाय दुखावून घेतलेला, थोडा लंगडणारा, गुणांची वा पैशाची निकड नसलेला. डुकाटी गाडीवर तो जिंकला आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांनी कार्यक्रमपत्रिका हलवून त्याला सलामी दिली. पुढच्या वर्षी तो पुन्हा जिंकला. १९८१ मध्ये इंग्लंडमधील एका साध्या रस्त्यावर, मुलांना घेऊन खाद्यपदार्थ आणायला गेला असता, वळण घेणाऱ्या ट्रकवर त्याची मोटार आदळली आणि तो व त्याची नऊ वर्षांची मुलगी मरण पावली. या घटनेचा दाखला देऊन ‘मरण कोठेही येते’ असे शर्यतीचे समर्थक म्हणतात. ते पटण्याजोगे नाही. साध्या रस्त्यावरचा अपघात हा अपवाद असतो. पर्वतावरचा अपघात आयोजकांच्या तयारीत आधीच धरलेला असतो. १९६३ पासून तेथे शर्यतीच्या वेळी हेलिकॉप्टर सज्ज असते, ते याचसाठी.

आणि स्वेच्छेचा युक्तिवाद तरी कोठवर न्यायचा? उत्तर आयर्लंडमधील जोई डनलॉप हा गावातली खानावळवजा मद्यगृह चालवणारा, अबोल माणूस. त्याने १९७७ ते २००० या काळात येथे २६ शर्यती जिंकल्या. रुमानियातील अनाथ मुलांसाठी स्वतः ट्रक हाकत मदत पोहोचवणारा हा माणूस अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बेटावर एकाच आठवड्यात तीन विजय मिळवून गेला आणि महिन्याभरात एस्टोनियातील एका शर्यतीत मरण पावला. त्याचा भाऊ रॉबर्ट २००८ मध्ये आयर्लंडमधील एका शर्यतीच्या सरावात गेला. पुतण्या विल्यम २०१८ मध्ये तसाच गेला. दुसरा पुतण्या मायकेल याने २०२४ मध्ये काकांचा २६ विजयांचा विक्रम मागे टाकला. या घराण्याकडे पाहिले की ‘स्वतःच्या इच्छेने’ हे शब्द तोंडातच अडखळतात. स्वार आपल्या इच्छेने जातो हे खरे. मागे राहणाऱ्या बायकामुलांना कोणी विचारलेले असते? प्रेक्षकांचेही तसेच. २००७ च्या शताब्दी वर्षात एका स्पर्धकाबरोबर दोन प्रेक्षक मारले गेले. २०२२ मध्ये शर्यतीच्या पंधरवड्यात पाच स्पर्धक मरण पावले; त्यांत एक वडील-मुलाची जोडी एकाच साइडकारवर होती.

यात तिसरा पक्ष बेटाच्या सरकारचा आहे आणि त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. चौऱ्याऐंशी हजार वस्तीच्या या बेटावर शर्यतीच्या दिवसांत हजारो पाहुणे येतात. बोटी, खानावळी, घराघरांतल्या खोल्या भरून जातात. १९०४ मध्ये रस्ता उसना देताना टिनवॉल्डने जो हिशेब मांडला असेल, तो आजही तिजोरीत जमा होतो. २००१ मध्ये जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगामुळे, आणि २०२० व २०२१ मध्ये कोरोनामुळे शर्यत झाली नाही. स्पर्धकांच्या मृत्यूपायी मात्र ती कोणत्याच वर्षी रद्द झालेली नाही. हेल्मेट, हेलिकॉप्टर, वळणांवरच्या हवेच्या गाद्या, शेकडो स्वयंसेवक, हे सारे सरकारने व आयोजकांनी वाढवत नेले, त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. तरीही रस्ता रुंद करून आणि गडगे हलवून त्याला सिल्व्हरस्टोन बनवता येत नाही. बनवला तर तो पाहायला समुद्र ओलांडून कोणी येणार नाही, हे सरकारलाही कळते.

जिंकणारी यंत्रे आता बव्हंशी जपानी आणि जर्मन असतात. १९०७ च्या पहिल्या शर्यतीत जिंकलेली नॉर्टन १९९२ मध्ये स्टीव्ह हिस्लॉपच्या हाती पुन्हा एकदा मोठी शर्यत जिंकली. त्यानंतर कंपनीचे हात बदलत गेले आणि २०२० मध्ये ती आपल्याकडच्या टीव्हीएस मोटर कंपनीने विकत घेतली. ब्रिटिश अभिमानाचे ते नाव आता तमिळनाडूतील होसूरच्या कारखानदारांचे आहे.

बेटाच्या दक्षिण भागात, शर्यतीच्या मार्गापासून बाजूला, एक लहानसा पूल आहे. त्याला परींचा पूल म्हणतात. त्यावरून जाताना परींना नमस्कार करावा, नाही तर अनिष्ट घडते, अशी जुनी समजूत आहे. आपला एसटीचा चालक घाटातल्या देवीला हात जोडतो तसाच हा प्रकार. ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने जाणारे, इंजिनाचा प्रत्येक स्क्रू स्वतः तपासणारे स्वार शर्यतीपूर्वी वाट वाकडी करून तेथे जाऊन येतात. सुटण्याच्या जागेसमोर गुणफलक आहे आणि गुणफलकाच्या मागे शहराचे कबरस्तान. शेवटचा स्वार परतल्यावर ‘रस्ता खुला’ अशी पाटी लावलेली एक मोटार सबंध फेरी मारते, आणि तिच्यामागून गावोगावचे लोक आपापल्या गाड्या बाहेर काढतात.